चेहऱ्याची चौकट

दसरा उलटून आठवडा झाला की मुंबईतली हवा थांबते. आभाळ पावसाने धुतल्यासारखं निळंच असतं, पण त्याच्याखालचं सगळं तव्यासारखं तापतं. दारावरच्या तोरणातला झेंडू आधी चॉकलेटी होतो, मग काळा. मुलांची सहामाही जवळ आलेली असते, त्यामुळे दुपारी चाळीत आवाज नसतो. ऊन मात्र तिरकं होतं. वर्षभर जे कोपरे अंधारात असतात त्यांच्यात ते शिरतं आणि भिंतीचे पोपडे, खिळ्यांची भोकं, कुणीतरी कधीतरी पेन्सिलीने केलेली बेरीज, असं सगळं दाखवून निघून जातं.

लोक याला ऑक्टोबर हीट म्हणतात. आमच्या घरात या दिवसांना नाव नाही. माझे वडील, आबा, अशाच एका दुपारी घरातून गेले आणि परत आले नाहीत. मी तेव्हा नववीत होते.

गिरणी बंद झाल्यावर ते एका गोदामात वॉचमन होते. भांडण झालं नव्हतं, आजारीही नव्हते. "येतो" म्हणाले आणि गेले. चौकी झाली, हॉस्पिटलं झाली, कोकणातलं गाव झालं. आमच्याकडे त्यांचा एकच धड फोटो होता. तो 'हरवले आहेत'च्या जाहिरातीसाठी दिला, आणि तोही हरवला. उरला एक लग्नातला ग्रुप फोटो. त्यात आबा कुणाशी तरी बोलायला वळलेत. म्हणजे आमच्या घरात आबांचा एक कान आहे आणि मानेवरचे केस आहेत. चेहरा नाही. पुढे पुढे मला तो डोळे मिटूनही दिसेनासा झाला. आवाज आठवतो, चपलांचा विशिष्ट घासत येणारा आवाज आठवतो. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड येतो.

यंदा वडाळ्याच्या भाड्याच्या घरात पुन्हा तसंच तिरकं ऊन आलंय आणि मला गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आठवतोय. तो आमचा नायगावच्या बीडीडी चाळीतला शेवटचा महिना होता. मी आयुष्यातला पहिला कॅमेरा घेतला तो त्याच महिन्यात.

चाळी पाडून टॉवर होणार हे इतकी वर्षं ऐकत होतो की आमचा त्यावरचा विश्वास उडाला होता. मग एकदम खरंच सुरू झालं. एकेक बिऱ्हाड टेम्पोत चढलं. मधून लांबलचक पॅसेज, दोन्हीकडे खोल्या, टोकाला नळ आणि संडास, अशी आमची चाळ. आमच्या मजल्यावर शेवटी आम्हीच उरलो, कारण आई हलायला तयार नव्हती.

"ते आले तर कुठं येतील?" ती म्हणायची. "त्यांना पत्ता ह्योच ठाव हाय."

तीस वर्षं होऊन गेली, असं तिला सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. सुपरवायझर रोज यायचा. तसा सभ्य माणूस. दारात उभा राहून विचारायचा, "मावशी, काय ठरलं?" आई त्याला पाणी द्यायची आणि रिकामं भांडं घेऊन आत वळायची.

एक दिवस ती मला म्हणाली, "जायचं का नाय ते बघू मागनं. पण घराचे फोटो काढून ठेव. पॅसेजचे पन."

मी फोन काढला, चार-सहा फोटो घेतले आणि दाखवले. तिने फोन लांब धरला, जवळ आणला.

"ह्यो आपला पॅसेज नाय गो."

"अगं, आत्ता तुझ्यासमोर काढला."

"आपल्या पॅसेजमदी एवढा उजेड कधी होता? भरदिवसा बल्ब लावून चालायचो आपन."

मी पुन्हा पाहिलं. ती खरंच बोलत होती. फोनने अंधार पुसून टाकला होता. जिथे काळोख होता तिथे त्याने आपल्या मनाने भिंत रंगवली होती. आईचा एक फोटो काढला होता, त्यात तिच्या सुरकुत्या गेल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई गुळगुळीत दिसत होती, मेणाची केल्यासारखी. मला ते बघून बरं वाटलं नाही. जे आहे ते आहे तसं दाखवेल असं काहीतरी हवं होतं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर शुभांगी बसते. गिरगावात वाडीत राहते, तिथेच जन्मली. तिला सांगितलं तर म्हणाली, "साधा डिजिटल कॅमेरा घे ना. आमच्याकडे होता छोटासा. खिशात मावायचा. मी येते तुझ्याबरोबर."

आधी दादरला एका मोठ्या दुकानात गेलो. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, कॉम्पॅक्ट आता कोण घेतं? एक तर मोठा घ्या, लेन्स बदलायचा. नायतर चांगला फोन घ्या."

"मोठा गळ्यात घालून चाळीत फिरले तर लोकांना वाटेल सर्वेवाली आली," मी म्हटलं.

दोन लहान कॅमेरे होते त्याच्याकडे. किंमत ऐकून शुभाने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि आम्ही पायऱ्या उतरलो.

मग फोर्टातल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर जुने कॅमेरे विकणारा सापडला. काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले लहान लहान कॅमेरे, सगळ्यांच्या लेन्सवर पापणीसारखी पाती मिटलेली. दुकानदार एकेक काढून सुरू करायचा आणि पाती उघडायची. मला उगीचच वाटलं, झोपलेल्या कुणाला तरी आपण उठवतोय.

पहिला हातात घेतला. समोरून चहावाला चालला होता, मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचार केला, मग क्लिक झालं. फोटोत नुसता जिना होता.

शुभा म्हणाली, "हा माणूस गेल्यावर फोटो काढतो. दुसरा बघ."

दुसऱ्याच्या स्क्रीनवर जांभळी रेघ होती. तिसऱ्याची लांबलचक सोंड बाहेर आली ती आत जाईना. कॉलेजच्या मुली हल्ली हेच जुने कॅमेरे मागतात, त्यामुळे भाव वाढलेत, असं दुकानदार कुरकुरला. "कशासाठी पाहिजे तुम्हाला?" त्याने विचारलं.

"घराचे फोटो काढायला. अंधार अंधारासारखा यायला पाहिजे."

त्याने माझ्याकडे जरा पाहिलं. मग साबणाच्या वडीएवढा एक चंदेरी कॅमेरा पुढे सरकवला. "ये लो. बॅटरी मिळते अजून याची, कार्ड साधं चालतं. झूम लेन्सचा आहे, जवळ आणलं तरी फोटो फाटत नाही. फ्लॅश बंद ठेवा, बस."

त्याने तो शुभाकडे रोखला. स्क्रीनवर तिच्या चेहऱ्याभोवती पांढरी चौकट उमटली. ती हलली तशी चौकटही तिच्यामागे सरकली.

"फेस पकडतो. बटण अर्धं दाबा, हिरवी झाली की फोकस झाला."

शुभाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. चौकट नाहीशी झाली. बोटांच्या फटीतून तिने विचारलं, "आहे का मी?"

"नाहीस," मी म्हटलं. आम्ही हसलो. माझ्या पगारात बसत होता, पर्समध्ये मावत होता. घेतला.

घरी येऊन पॅसेजचा पहिला फोटो काढला. टोकाला खिडकीएवढा उजेड, बाकी सगळा तपकिरी काळोख, त्यात दारांच्या कडा जेमतेम. आईने चष्मा लावून पाहिला. "हां," ती म्हणाली. "ह्यो आपला."

त्यानंतर शनिवार-रविवारच्या दुपारी मी आमच्या मजल्यावर फिरायचे. लोक गेल्यावर दारं, खिडक्या, नळाच्या तोट्यासुद्धा काढून नेलेल्या. खोल्या नुसत्या भोकांसारख्या. एका भिंतीवर मुलांच्या उंचीच्या रेघा, त्यातली सगळ्यात वरची अजून ताजी. एका खोलीत कॅलेंडर तसंच, पंखा नसूनही फडफडणारं. मी चालले की माझ्या पावलांचा आवाज पॅसेजच्या टोकाला जाऊन यायचा, आणि तो परत येईपर्यंत मी थांबलेली असायचे. मग तो एकटाच चालत आल्यासारखा वाटायचा. कबुतरं आत शिरली होती. ती मला बघून उडायची नाहीत. मीच पाहुणी असल्यासारखी मान वाकडी करून बघायची.

समोरच्या खोलीचं दार आणि मागची खिडकी निघाली त्या दिवशी आमच्या उंबऱ्यावर पहिल्यांदा ऊन आलं. इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं. समोरची खोली आरपार ओलांडून एक पिवळा पट्टा आमच्या दारात येऊन पडला. मी खोलीच्या आतल्या भिंतीला टेकले, दाराकडे कॅमेरा रोखला, झूम केलं.

दाराच्या लाकडी चौकटीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, पांढरी चौकट उमटली.

दारात कुणी नव्हतं.

मी कॅमेरा खाली केला, वर केला. पुन्हा तिथेच. बटण अर्धं दाबलं. हिरवी झाली. पूर्ण दाबलं. फोटोत रिकामं दार. मग तो मोठा करून पाहिला. दाराची चौकट धूसर आली होती. मागची, समोरच्या खोलीची भिंतही धूसर. मधल्या रिकाम्या जागेतली धूळ तेवढी स्पष्ट होती, उन्हात तरंगणारा कण न् कण. कॅमेऱ्याने नजर लावली होती ती तिथेच.

सोमवारी शुभाला दाखवला. ती म्हणाली, "अगं, ह्या मशीनला स्विचबोर्डसुद्धा चेहरा वाटतो. दोन भोकं दिसली की झालं. डाग असेल भिंतीवर."

मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. पुढच्या शनिवारी मी समोरच्या खोलीत जाऊन भिंत बघून आले. डाग होते, सगळ्याच भिंतींवर असतात. त्यांच्यावर एक जुनी चादर ठोकली. परत येऊन कॅमेरा धरला. चौकट होती. तिच्या दिशेने एक पाऊल टाकलं तशी ती मोठी झाली, जवळ जाताना चेहरा मोठा होतो तशी. मी तिथेच थांबले. चौकट थांबली नाही. आणखी थोडी मोठी झाली, आणि गेली.

पॅसेजमध्ये इतर कुठल्याही दारात ती येत नव्हती. शुभाच्या घरी गिरगावात नेऊन पाहिला. तिथे माणसांच्याच चेहऱ्यांवर यायची, एकदा भिंतीवरच्या घड्याळावर आली. आम्ही पोट धरून हसलो. माझं हसू लवकर संपलं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या घरात भूत हा शब्द भीती घालायलाही वापरलेला नाही. आबांनी मला लहानपणी हात धरून भरल्या अंधारात पॅसेजच्या टोकापर्यंत नेलं होतं आणि म्हणाले होते, "बघ, काय हाय? भिंत हाय. हात लाव." आम्ही बौद्ध. आम्ही देव मानत नाही, भुतं मानत नाही, अंगात येणं मानत नाही. शेजारपाजारच्या बायका कुणाला तरी दाखवून घ्या म्हणायच्या, कुठे गेलेत ते कळेल, तेव्हा आईने त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. त्यामुळे त्या दुपारी माझ्याकडे जे दिसलं त्याला शब्दच नव्हता. ज्यांच्याकडे शब्द असतो त्यांना निदान घाबरता तरी येतं. मी नुसती उभी होते, हातातल्या साबणाच्या वडीएवढ्या यंत्राकडे बघत.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तिने स्वतःच पाहिलं. मी कॅमेरा दाराकडे रोखून स्टुलावर सुरू ठेवला होता आणि चहा गाळत होते. ती कॉटवर बसून त्या लहानशा स्क्रीनकडे बघत होती.

"ही पांढरी चौकट कसली गो?"

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. "माणसाचा चेहरा दिसला की येते."

"मग आता कुनाचा दिसला?"

मी गाळणी कपावर ठेवली. खाली कुठेतरी हातोडे पडत होते. आई उठली, गुडघ्यांवर हात ठेवत दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"आता बघ."

मी पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चौकट आली. आणि तिच्या उजव्या खांद्याच्या बाजूला, जरा वर, दुसरी.

"दोन हायत?"

"दोन."

"माझ्यापेक्षा वर? किती?"

मी हवेत हात धरून दाखवला. वीतभर. आईने मान वळवून त्या जागेकडे पाहिलं नाही. खाली, आपल्या पायांकडे पाहिलं. मग परत कॉटवर येऊन बसली आणि चहा मागितला.

कप अर्धा झाल्यावर म्हणाली, "आपन असलं मानत नाय."

"नाही मानत."

"जाताना हितंच उभं होते. पानी दे म्हनले. आत या, बसून प्या, म्हटलं मी. नको म्हनले, येतो. उभ्याउभ्या प्यायले." तिने कप खाली ठेवला. "भांडं परत दिलं तेव्हा माझ्याकडं बघितलं. मी चूल बघत होते. भाकर करपत होती."

इतक्या वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आमच्या घरात त्या दुपारबद्दल बोलायचं तर ते कधी येतील यावर बोलायचं, कसे गेले यावर नाही.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आला तेव्हा आई त्याला म्हणाली, "रविवारी खोली घ्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यालाही वाटलं असावं. "नक्की ना मावशी?"

"नक्की."

रविवारी दुपारी सामान खाली गेलं. टेम्पो उभा होता. खोलीत एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून घेतली होती, ती आईने स्वतः दारापर्यंत ओढत नेली. मधोमध ठेवली, मग विचार करून एका बाजूला सरकवली.

"माझा फोटो काढ. हितं."

"मध्ये बस ना. अर्धं दार मोकळं दिसतंय."

"ऱ्हाऊ दे मोकळं."

ऊन येऊन पडलं होतं. मी भिंतीला टेकून कॅमेरा धरला. चौकटी दोन होत्या. बटण अर्धं दाबल्यावर दोन्ही एकदम हिरव्या झाल्या. मी श्वास रोखून दाबलं. एकच घेतला. दुसरा घ्यावा असं मनात आलं नाही.

आई उठली, खुर्ची उचलून माझ्याकडे दिली. मी कुलूप काढलं पर्समधून, सवयीने.

"कुलूप कशाला?" ती म्हणाली. "आत कोन नाय आता."

ती पुढे निघाली. मी तिच्यामागे दोन पावलं गेले आणि वळून पुन्हा कॅमेरा दाराकडे धरला. स्क्रीनवर दार, ऊन, धूळ. चौकट आली नाही. पॅसेजच्या टोकापर्यंत मी तो तसाच धरून उलटी चालत गेले. आली नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट अंगावर काटा आला तो त्याच वेळी. चौकट गेली होती म्हणजे तिथे असलेलं काहीतरी आता दुसरीकडे होतं, असं वाटलं, आणि आई पुढे एकटी चालत असताना भिंतीच्या बाजूला आणखी एका माणसापुरती जागा सोडून चालत होती.

फोटो दादरला कागदावर काढून घेतला. काउंटरवरच पाकीट उघडलं. तो काढताना माझं लक्ष चौकटींवर होतं, आईवर नव्हतंच. फोटोत आईने डोक्यावरून पदर घेतलाय. तिला तसा पदर घेतलेलं मी फार लहानपणी पाहिलं असेल, आबा कामावरून यायचे तेव्हा. तिची नजर कॅमेऱ्याकडे नाही. बाजूला, थोडी वर आहे. ओठ उघडे आहेत, काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखे. तिच्या सुरकुत्या सगळ्या आहेत, एकही पुसलेली नाही, तरी चेहरा वयाने कमी दिसतो. शेजारी दाराची मोकळी अर्धी बाजू. त्या बाजूची धूळसुद्धा स्पष्ट आलीय.

आईने तो बराच वेळ पाहिला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. वर्षभर काढला नाही. वडाळ्याच्या घरात कॅमेऱ्याला आमच्या दोघींशिवाय कुणी दिसलं नाही. मी अधूनमधून बघते, खोटं कशाला बोलू.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती निवडलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "त्यांचं पुण्यानुमोदन करून टाकू."

पुण्यानुमोदन गेलेल्या माणसाचं करतात. हे वाक्य ऐकायला मी तयार नव्हते. तीस वर्षं ती कपाळाला कुंकू लावत आली होती, आणि आमच्या घरात आबांबद्दल 'होते' असं कुणी म्हणत नव्हतं. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडला.

गेल्या रविवारी झालं. आबांचे धाकटे भाऊ आले, जुन्या चाळीतले चारपाच जण आले, शुभा आली. सगळ्यांच्या अंगावर पांढरं. टेबलावर पांढरी चादर, बुद्धाची मूर्ती, ताटात फुलं. विधी करायला आलेले बौद्धाचार्य तरुण होते. कुठल्याशा बँकेत नोकरी करतात, रविवारी हे. त्यांनी मेणबत्त्या मांडल्या आणि विचारलं, "आई, त्यांचा फोटो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. फोटो नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आई कपाटाकडे गेली. साड्यांखालून तो काढून पदराने पुसला आणि मूर्तीच्या बाजूला टेकवून उभा केला.

बौद्धाचार्यांनी एक मेणबत्ती फोटोपुढे ठेवली, मग वाकून पाहिलं. आईकडे पाहिलं. मला हळूच म्हणाले, "ताई, हा यांचाच फोटो आहे. जिवंत माणसाचा असा ठेवत नाहीत."

आईने ऐकलं होतं. "माझा नाय तो," ती म्हणाली. "मी बाजूला बसलेय त्यात. फोटो त्यांचा हाय."

बौद्धाचार्य पुन्हा वाकले आणि त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. काय पाहिलं ते मी विचारलं नाही. मग त्यांनी आईच्या चेहऱ्यापुढे ठेवलेली मेणबत्ती उचलली आणि सावकाश, ज्योत विझू न देता, दाराच्या मोकळ्या बाजूपुढे सरकवून ठेवली.